हवेचा तिसरा हिस्सा

दुसऱ्यानें घालून दिलेला नियम मनुष्यानें अक्षरशः पाळावा, कीं आपल्या बुद्धीस पटेल तेवढाच पाळावा, हा वाद फार जुना आहे. आणि बहुधा तो अशाच क्षेत्रांत रंगतो, कीं जेथें चुकीची शिक्षा लगेच मिळत नाहीं. आचाराचे, भाषेचे, कलेचे नियम मोडणारास समाज नांवें ठेवील. पण तो रात्रीं जेवून सुखानें निजूं शकतो. त्यामुळें दोन्ही पक्ष वर्षानुवर्षें आपापल्या जागीं टिकून राहतात. जेथें नियम मोडल्याचा, अथवा अयोग्य नियम पाळल्याचा, निकाल घटकाभरांत लागतो, अशा एखाद्या उद्योगांत हाच वाद कसा चालतो हें पाहणें म्हणूनच उद्बोधक होईल असें आम्हांस वाटतें. तो उद्योग म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखालीं जाण्याचा, ज्यास आतां सर्वत्र ‘स्कूबा’ म्हणतात.

आम्ही स्वतः पाणबुडे नव्हों, हें आधींच सांगून टाकतों. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं मालवण-तारकर्लीकडे सुटी घालविली असेल, त्यांतील कांहींनीं वाटाड्याचा हात धरून घटकाभर समुद्रांतील मासे पाहिलेहि असतील. अशा वेळीं पाहुण्यानें तोंडानें शांतपणें श्वास घेत राहावें, एवढेंच त्याचें काम. बाकीचें सारें वाटाड्या पाहतो. आमचा विषय याच्या अगदीं दुसऱ्या टोकाचा आहे. जेथें वाटाड्या नाहीं, वर येण्यास मोकळें पाणी नाहीं, आणि सोबत्यावांचून दुसरा आधार नाहीं, तेथें मनुष्यानें आपल्या मर्जीस किती वाव द्यावा, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

पाणबुड्या ज्या खोलीवर असेल तेथील दाबाच्या मानानें त्यास श्वासागणिक हवा पुरविणारें साधन झाक कूस्तो व एमिल गान्यां या दोघां फ्रेंच गृहस्थांनीं १९४३ सालीं सिद्ध केलें, आणि समुद्राचा तळ सामान्य हौशी मनुष्यास खुला झाला. अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्याची भूमि चुनखडीची आहे. तिच्या पोटांत पाण्यानें भरलेल्या कोसच्या कोस लांब गुहा आहेत, आणि ठिकठिकाणीं त्यांचीं तोंडें निर्मळ झऱ्यांच्या रूपानें उघडीं आहेत. हौशी पाणबुडे या झऱ्यांतून आंत शिरूं लागले, आणि १९६० नंतरच्या दोन दशकांत त्यांतील पुष्कळ जण परत आले नाहींत. उघड्या समुद्रांत कांहीं बिघडलें तर वर येण्याची वाट तरी असते. गुहेंत डोक्यावर खडक असतो. पायांच्या एका बेसावध फटकाऱ्यानें तळचा गाळ उठला, कीं काचेसारखें पाणी क्षणांत गढूळ होतें आणि हातांतील दिव्याचा उजेड त्याच हातापर्यंत पोंचत नाहीं.

या स्थितींत शेक एक्स्ली नांवाच्या फ्लॉरिडांतील पाणबुड्यांनीं एक काम केलें, तें नीतिशास्त्राच्या अभ्यासकानेंहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे. नियम कोणते असावे हें त्यांनीं तर्कानें ठरविलें नाहीं. जे मेले ते कशानें मेले हें एकेक अपघात घेऊन त्यांनीं पाहिलें, आणि १९७९ सालीं ‘बेसिक केव्ह डायव्हिंग’ नांवाची पुस्तिका लिहिली. मृतांच्या हातून त्याच त्या चुका पुनः पुनः घडल्याचें दिसून आलें होतें. कोणी बाहेरच्या मोकळ्या पाण्यापासून आंतपर्यंत अखंड दोरी नेली नव्हती. कोणी परतीपुरती हवा राखली नव्हती. कोणी साध्या हवेवर जितकें खोल जाणें सोसतें त्याहून खोल गेले होते. यांतून तीन नियम निघाले, व पुढें योग्य शिक्षण आणि प्रत्येकाजवळ तीन दिवे या दोहोंची त्यांत भर पडली. कोणा ऋषीच्या अथवा अधिकाऱ्याच्या आज्ञेंतून हे नियम आले नाहींत. यांतील प्रत्येकाच्या मागें प्रेतें आहेत.

यांतील हवेचा नियम आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटतो. जवळच्या हवेचे तीन सारखे हिस्से समजावे; एक आंत जाण्यास, एक बाहेर येण्यास, आणि तिसरा राखून ठेवावा. हा तिसरा हिस्सा कोणासाठीं? प्रथमदर्शनीं वाटतें, स्वतःच्या अडचणीसाठीं. पण हिशेब करून पाहिला म्हणजे निराळेंच दिसतें. गुहेंत सर्वांत आंत पोंचल्यावर, ज्या क्षणीं मागें फिरावयाचें नेमक्या त्याच क्षणीं, सोबत्याची सारी हवा नाहींशी झाली असें समजा. तेथून दोघांनीं बाहेर यावयाचें तर दोघांस मिळून दोन हिस्से लागणार. आणि ज्याची हवा शाबूत आहे त्याच्याजवळ दोनच हिस्से उरले आहेत. म्हणजे जो तिसरा हिस्सा तो पाठीवर वाहून नेत होता, तो हिशेबानें त्याचा नव्हताच; तो सोबत्याचा होता, आणि सोबत्याच्या पाठीवर याचा होता. घाबरलेला मनुष्य नेहमींपेक्षां अधिक हवा ओढतो, हें तर या हिशेबांत धरलेलेंहि नाहीं. म्हणून जाणते लोक हा नियम कमींत कमी समजतात. दुसऱ्याचें ऋण इतक्या स्वच्छ अंकगणितानें मांडलेलें आम्हीं क्वचितच पाहिलें आहे.

येथपर्यंत कोणाचा फारसा वाद नाहीं. वाद पुढें आहे. बिल हॉगार्थ मेन नांवाच्या गुहा-पाणबुड्यांनीं आपला सारा सरंजाम अगदीं सुटसुटीत करून टाकला होता. जें लागत नाहीं तें जवळ बाळगावयाचेंच नाहीं, अशी त्यांची रीति. या रीतीस त्यांच्या नांवावरून ‘हॉगार्थियन’ म्हणूं लागले. १९९० नंतरच्या दशकांत वाकुला झऱ्याच्या परिसरांतील गुहांचा शोध घेणाऱ्या ‘वुडव्हिल कार्स्ट प्लेन प्रोजेक्ट’ या संघानें तिला काटेकोर शिस्तीचें रूप दिलें, आणि तिचें नांव ‘डूइंग इट राइट’, म्हणजे ‘योग्य तेंच करणें’, असें पडलें. १९९८ सालीं जॅरड जाब्लॉन्स्की यांनीं स्थापिलेल्या ‘ग्लोबल अंडरवॉटर एक्सप्लोरर्स’ या संस्थेनें त्याच धर्तीवर रीतसर शिक्षण सुरू केलें.

नेहमींच्या शिक्षणसंस्था आणि ही संस्था यांतील फरक समजून घेणें अवश्य आहे. नेहमींच्या संस्था विद्यार्थ्यास काय करतां आलें पाहिजे तें ठरवितात. त्यानें आपलें सामान कसें लावावें, कोणतें निवडावें, हें पुष्कळसें त्याच्यावर सोडतात. या नव्या पंथांत तसें नाहीं. प्रत्येकाची श्वासाची मुख्य नळी सुमारें सात फूट लांबच असली पाहिजे. दुसरें मुखनळकांडें हनुवटीखालीं लवचीक दोरींत अडकविलेलेंच असलें पाहिजे. दिवा, सुरी, फिरकी, सारें ठरलेल्या जागीं. अमुक खोलीस अमुकच वायूचें मिश्रण. पाय मारण्याची रीतहि तीच. धूम्रपान करणारास येथें प्रवेश नाहीं. मिळालेलें प्रमाणपत्र कायमचें नसतें. ठराविक मुदतीनंतर तें नवें करून घ्यावें लागतें. आणि पैसे भरले म्हणून उत्तीर्ण होण्याची कोणीं आशा बाळगूं नये.

हें ऐकून ‘व्यक्ति तितक्या प्रकृति’ या म्हणीवर वाढलेला आमचा वाचक चपापेल. आम्हीहि चपापलों होतों. परंतु या नियमांचीं कारणें पाहूं लागलों तेव्हां आमचें मत पुष्कळ बदललें. लांब नळीचेंच घ्या. हवा संपलेल्या मनुष्यास या पंथाचा पाणबुड्या जादा ठेवलेलें मुखनळकांडें देत नाहीं. स्वतःच्या तोंडांतील काढून देतो, आणि आपण हनुवटीखालचें तोंडांत धरतो. कारण उघड आहे. तोंडांतील नळकांडें चालू आहे याची त्या क्षणीं खात्री असते, आणि गुदमरणारा मनुष्य बहुधा झडप घालतो तीहि त्याच्यावरच. नळी लांब कां, तर गुहेच्या अरुंद भागांतून दोघांस एकामागें एक जातां यावें म्हणून. आपण धरलेला श्वास दुसऱ्याच्या तोंडांत द्यावा आणि आपण राखीव नळकांड्यावर भागवावें, ही गोष्ट उपदेशानें किती जण करतील तें सांगवत नाहीं. येथें ती शेंकडों वेळां गिरवून हाताच्या अंगवळणीं पाडलेली असते.

आमच्या घरांतील एका साध्या गोष्टीची या ठिकाणीं आठवण होते. पूर्वीं प्रत्येक घरांत काडेपेटीची जागा ठरलेली असे. देवघराच्या कोनाड्यांत म्हणजे कोनाड्यांतच. कोणी ती दुसरीकडे ठेवली तर आजी रागें भरत असे, आणि आम्हां मुलांस तो निष्कारण जाच वाटे. कोनाड्यापेक्षां चुलीजवळची जागा सोयीची नव्हती काय? असेलहि. पण मध्यरात्रीं कोणी आजारी झालें आणि अंधारांत चांचपडण्याची वेळ आली, म्हणजे आजीचा हात सरळ कोनाड्यांत जाई. जागा उत्तम आहे कीं नाहीं हा प्रश्नच नव्हता. ती घरांतील प्रत्येकास ठाऊक आहे कीं नाहीं हा प्रश्न होता. समान मांडणीचें समर्थन याहून निराळें नाहीं. पाणबुड्याच्या अंगावरील सरंजाम त्याच्याच सोयीचा असून भागत नाहीं. गढूळ पाण्यांत, न पाहतां, त्याच्या सोबत्याच्या हातास तो सांपडला पाहिजे. आपलें सामान आपल्या मर्जीप्रमाणें लावण्याचा हक्क आहे असें जो म्हणतो, तो तें सामान सर्वस्वीं आपलें आहे असें गृहीत धरतो. आणि चूक नेमकी तेथेंच आहे.

दुसरें एक समर्थन याहूनहि खोल आहे. साध्या हवेंतील नायट्रोजन खोल पाण्याच्या दाबाखालीं मद्यासारखा अंमल करतो. सुमारें तीस मीटरच्या पुढें तो जाणवूं लागतो, आणि मौज अशी कीं ज्याची बुद्धि मंदावली त्यास ती मंदावल्याचें कळत नाहीं. म्हणून खोल जाणारे हवेंत हेलियम मिसळतात. परंतु मिश्रणें अनेक झालीं कीं नवा धोका उत्पन्न होतो. शुद्ध प्राणवायु सुमारें सहा मीटर खोलीपर्यंतच घ्यावयाचा, हा रूढ दंडक आहे. त्याहून फार खोल तोच घेतला तर मनुष्यास झटके येतात, तोंडांतील नळकांडें सुटतें व तो बुडतो. यासाठीं या पंथांत प्रत्येक टाकीवर, ती जास्तींत जास्त किती खोलीवर चालेल तो आंकडा मोठ्या अक्षरांत लिहितात, आणि टाकी बदलतांना सोबत्यानें तो वाचून पाहावयाचा असतो. ‘मी माझ्या बुद्धीनें वागेन’ असें म्हणणारास विचारावें लागतें कीं, बाबा, कोणत्या बुद्धीनें? किनाऱ्यावरील शहाण्या मनुष्याच्या, कीं खालीं गेल्यावर त्याचें जें होईल त्याच्या? नियम म्हणजे शुद्धींत असलेल्या मनुष्यानें शुद्ध हरपणाऱ्या आपल्याच दुसऱ्या रूपासाठीं आधीं केलेला संकल्प होय. त्यानें स्वातंत्र्य जात नाहीं; जें थोड्या वेळानें जाणार आहे तें अगोदरच योग्य जागीं खर्च केलें जातें.

या शिस्तीचें फळहि दिसून आलें. १९९१ मध्यें इंडियन स्प्रिंग्ज येथील गुहेंत वाळू ढांसळून परतीची वाट बुजली व पार्कर टर्नर हे अनुभवी पाणबुडे मरण पावले. त्यांचे सोबती मात्र कसेबसे बाहेर आले. असे आघात सोसूनहि शोध चालू राहिला, आणि २००७ सालच्या डिसेंबरांत जाब्लॉन्स्की व केसी मॅकिन्ले हे दोघे टर्नर सिंक या विवरांतून आंत शिरून, सुमारें ९० मीटर खोलीवरून सुमारें ११ किलोमीटर अंतर कापून, वाकुला झऱ्यांतून बाहेर आले. या प्रवासामागें मोठ्या संघाचे श्रम होते, आणि त्या संघांतील कोणाचेंहि सामान दुसऱ्यास अनोळखी नव्हतें.

इतकें मान्य केल्यावर दुसऱ्या पक्षाचें म्हणणें ऐकलें पाहिजे. तेंहि तितकेंच वजनदार आहे.

इंग्लंडांतील गुहा फ्लॉरिडासारख्या प्रशस्त व निर्मळ नाहींत. तेथें भुयारांतून सरपटत जावें लागतें. मध्येंच वाट पाण्यांत बुडते, तें पाणी थंडगार व चिखलाचें, आणि पलीकडे पुनः कोरडी वाट. १९४६ सालीं स्थापन झालेल्या ‘केव्ह डायव्हिंग ग्रुप’ या तेथील मंडळाच्या परंपरेंत पाणबुड्या अशा जागीं बहुधा एकटाच जातो. दोन स्वतंत्र टाक्या तो दोन्ही कुशींस बांधतो. प्रत्येकींतील तिसरा हिस्साच आंत जातांना वापरला, तर एक टाकी निकामी झाली तरी दुसरींत परत येण्यापुरती हवा उरते. म्हणजे गणित तेंच, परंतु सोबती वगळला आहे. अरुंद, अंधाऱ्या बोळांत मागून येणारा सोबती मदत तर करूं शकत नाहींच, उलट वाट मात्र अडवितो, असें त्यांचें म्हणणें. फ्लॉरिडाच्या काटेकोर पंथाच्या दृष्टीनें एकट्यानें जाणें हें महापातक. येथें तीच सावधगिरी.

आणि २०१८ सालीं काय घडलें तें सर्वांस आठवत असेल. थायलंडांतील थाम लुआंग गुहेंत १२ मुलें व त्यांचा शिक्षक पुराच्या पाण्यानें अडकलीं. २३ जूनला आंत गेलेलीं तीं मुलें २ जुलैस सांपडलीं, तीं रिक स्टॅन्टन व जॉन व्होलान्थन या याच इंग्रजी परंपरेंतील दोघांस. ६ जुलै रोजीं आंत हवेच्या टाक्या पोंचवून परततांना समान गुणान हे थाई नौदलाचे माजी सैनिक मृत्यु पावले. (पाणी उपसण्याच्या कामीं सल्ला देण्यास आपल्याकडील किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञहि तेथें गेले होते, हें पुष्कळांस ठाऊक असेल.) अखेर मुलांस गुंगीचें औषध देऊन, हात बांधून, तोंडावर पूर्ण मुखवटा चढवून, प्रत्येक मुलास एका पाणबुड्याच्या स्वाधीन करून, ८ ते १० जुलै या तीन दिवसांत सर्वांस बाहेर आणिलें. कोणत्याहि पाठ्यक्रमांत हा विधि नव्हता. कोणाहि शिक्षकानें विद्यार्थ्याच्या तोंडून तो ऐकला असता तर त्यास तत्काळ अनुत्तीर्ण केलें असतें. आमच्या शास्त्रकारांनीं धर्माबरोबर आपद्धर्माचाहि विचार केला तो उगाच नव्हे.

तथापि येथें घाई करून ‘नियम झुगारणारेच शेवटीं कामास आले’ असा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल. ते दोघे नियमशून्य नव्हते. निराळ्या पाण्यांत मुरलेले होते. अनेक वर्षें एका कठोर पद्धतीनें चालल्यामुळेंच ती कोठें सोडावी हें त्यांस कळलें. गवयाच्या घराण्यांत ज्यानें वर्षानुवर्षें तीच पलटी घोटली, त्यानें घेतलेली मोकळीक ऐकावीशी वाटते. ज्यानें घोटलीच नाहीं त्याची मोकळीक म्हणजे नुसता बेसूर.

उलट, नियम करणाराहि नियमानें तारला जातोच असें नाहीं. ज्यांनीं गुहेंतील मृत्यूंचा हिशेब मांडला ते शेक एक्स्ली १९९४ सालच्या ६ एप्रिल रोजीं मेक्सिकोंतील झाकाटोन या अथांग कुंडांत हजार फुटांच्या पलीकडे जाण्याच्या प्रयत्नांत, दोरीपाशीं एकटे असतांना, मरण पावले. ते पंचेचाळीस वर्षांचे होते. त्यांनीं घालून दिलेल्या नियमांमुळें किती जण वांचले याची गणती नाहीं. पण ते स्वतः जेथें गेले तेथला नियम अजून कोणींच लिहिला नव्हता.

काटेकोर पंथावर आमचा खरा आक्षेप त्याच्या नियमांवर नसून त्याच्या एका काळच्या वाणीवर आहे. या पंथाच्या आरंभींच्या पुढाऱ्यांनीं बाहेरच्यांसाठीं ‘स्ट्रोक’ असा एक तुच्छतादर्शक शब्द रूढ केला, आणि अशा मनुष्याबरोबर पाण्यांत उतरूं नये हा पहिला नियम म्हणून सांगितला. यामागील मूळ विचार अगदींच खोटा नव्हता. बेफिकीर सोबत्याबरोबर जाऊं नये हें कोणीहि सांगेल. पण शब्द एकदां तयार झाला कीं विचाराची गरज उरत नाहीं. ज्याची नळी आंखूड तो हलका, अशी ओळख पटूं लागते. आम्हां महाराष्ट्रीयांस हें नवें नाहीं. सोवळ्याच्या मुळाशीं कोणे काळीं स्वच्छतेचा कांहीं विचार असेलहि. परंतु कारण विसरलें, नियम उरला, आणि त्या नियमाचें एकच काम शिल्लक राहिलें, तें म्हणजे कोणास दूर ठेवावें हें ठरविणें. याचा परिणाम आमच्या समाजास किती भोंवला हें सांगण्याचें कारण नाहीं. कारण हरवलेला नियम निरुपयोगी होऊन स्वस्थ बसत नाहीं. तो अहंकाराच्या चाकरीस लागतो.

सुदैवानें या पंथांत कारणें जिवंत ठेवण्याची चालहि आहे, आणि म्हणूनच तो बदलूं शकला. ज्या परंपरेनें पाठीवरील जोडटाक्यांचाच आग्रह धरला होता, तिच्याच संस्थेनें पुढें कुशीस टाक्या लावण्याचें शिक्षणहि आपल्या पाठ्यक्रमांत घेतलें. जेथें गुहा अरुंद तेथें पाठीवरची टाकी चालत नाहीं, एवढें कबूल करण्यास धैर्य लागतें. कारण त्याबरोबर ज्यांस काल हंसलों त्यांचेंहि कांहीं बरोबर होतें असें कबूल करावें लागतें.

मग आमचा निर्णय काय? शिस्त कीं स्वातंत्र्य, असा प्रश्न मांडला तर तो सुटणार नाहीं. नियमास दोन प्रश्न विचारावे असें आम्हांस वाटतें. पहिला असा कीं, हा कोणासाठीं आहे? ज्या नियमाच्या पोटांत दुसऱ्याचा हिस्सा आहे, जो मोडला असतां आपल्यावर विसंबलेल्या सोबत्याचा जीव जातो, तो आपल्या सोयीस न रुचला तरी पाळावा. तेथें आवडनिवड सांगणें म्हणजे दुसऱ्याच्या ठेवींतून उधळपट्टी करणें होय. ज्यांत केवळ आपल्याच सुखदुःखाचा संबंध आहे, तेथें ज्यानें त्यानें आपल्या प्रकृतीप्रमाणें वागावें. दुसरा प्रश्न असा कीं, हा शिकविणारास त्याचें कारण सांगतां येतें काय? कोण मेलें म्हणून हा नियम आला, आणि कोणत्या पाण्यांत मेलें, हें जो सांगूं शकतो त्याच्यापुढें विद्यार्थ्यानें मुकाट्यानें मान लववावी. ‘आमच्यांत असेंच करतात’ एवढेंच ज्याचें उत्तर, त्याच्या हाताखालीं शिकलेला मनुष्य पाणी बदललें कीं बुडेल, किंवा न बुडतां दुसऱ्यांस हिणवीत बसेल. आणि यांत अधिक वाईट काय हें ठरविणें कठीण आहे.

आमच्या वाचकांपैकीं फारच थोडे कधीं त्या गुहांत उतरतील. परंतु घरांत, शाळेंत, कचेरींत आपण सारेच कोणाच्या तरी परतीची हवा पाठीवर वाहत असतों, आणि ती आपलीच आहे अशा समजुतीनें वापरीतहि असतों. नियम जाचक वाटूं लागला म्हणजे तो टाकण्यापूर्वीं, त्यांतील तिसरा हिस्सा कोणाचा आहे, एवढें पाहून घ्यावें.